पूर्वेकडचे पाय

जपानमधल्या ओनोमिची गावातल्या आमच्या आळीची निम्मी माणसं ओतोराआजींच्या हातून जगात आली. लढाईच्या दिवसांत साबण दिसेना, तरी राखेच्या पाण्यानं कोपरापर्यंत हात घासल्याशिवाय त्या बाळंतिणीला शिवायच्या नाहीत. त्यांचा एकुलता एक मुलगा आघाडीवर होता. रोज सकाळी सगळी आळी पूर्वेला, सम्राटांच्या राजवाड्याच्या दिशेनं वाकायची. त्यात सर्वांत उशिरा सरळ व्हायच्या त्या ओतोराआजीच.

माझी जाऊ फुसानो अडली ती अशाच एका सकाळी. खिडकी पूर्वेला, म्हणून आजींनी तिचे पाय तिकडे करून तिला निजवलं. तेवढ्यात आळीप्रमुख कुनिहेई नमस्काराला बोलवायला दारात आला आणि किंचाळलाच.

"अहो, पाय! पाय सम्राटांकडे! फिरवा तिला आधी!"

आमच्या घरात बुद्धाच्या देव्हाऱ्याशेजारीच सम्राटांची तसबीर. मी गादीचं टोक धरलं, तशी आजींनी माझ्या हातावर चापट मारली.

"सोड गं! उजेड तिकडूनच येतो. अंधारात चाचपडू का मी?"

"आजी, वरपर्यंत तक्रार जाईल," कुनिहेई म्हणाला.

"जाऊ दे. मेल्या, आईचे पाय काय बघतोस? बाळाचं काय आधी येतं? डोकं! खाली वाकून, थेट पूर्वेला. तू नुसती टोपी काढतोस, हे तर अंगावर चिंधी न ठेवता नमस्कार घालणार!"

"आणि पायाळू निघालं तर?"

"तर तुझ्यासारखं आळीप्रमुख होईल! तूही पाय पुढे करूनच आलास माझ्या हातात."

नमस्कारासाठी अंगणात जमलेल्या बाया खो खो हसल्या. कुनिहेई लालबुंद होऊन निघून गेला.

तो गेल्यावर आजी माझ्या कानाशी लागल्या. "बाळ आडवं होतं गं. काल हातानं फिरवलंय खरं. पुन्हा फिरलं नसलं म्हणजे मिळवलं."

पायाळू बाळंतपणात या आळीनं दोन सुना गमावल्या होत्या. मी फुसानोचा हात घट्ट धरून बुद्धाचं नाव घेत राहिले. बाहेर कुनिहेईची हाक आली, "वाका!" सगळं चिडीचूप झालं. फुसानोनं दातओठ खाऊन जोर केला.

"डोकं!" आजी ओरडल्या. "डोकंच आहे गं बाई!"

आणि मग त्या शांततेत असा काही टाहो फुटला की वाकलेल्यांपैकी कुणीतरी फिस्सकन हसलं. कुनिहेई मात्र बराच वेळ "उठा" म्हणेचना.

थोड्या वेळानं तो दाराशी आला, पाठमोराच उभा राहिला. मुलगा की मुलगी, ते त्यानं विचारलंच नाही.

"डोकं आधी ना, वहिनी?"

"डोकंच," मी म्हटलं.

"मग त्यानं रीतसर नमस्कार केला म्हणायचा."

"तिनं," आजी आतून म्हणाल्या. "आणि प्रमुखसाहेब, आता जरा चूल पेटवा. पाणी थंड झालंय."

तो निमूटपणे सरपण शोधायला गेला.