भरिताचा आवाज

पिंप्राळ्यात आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या नानांना गाणी आवडत नाहीत, आवाज आवडतो. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी भारी स्टिरिओ घेतला. मग कॉम्प्युटरमधला आवाज स्वच्छ करून स्टिरिओला देणाऱ्या दोन डब्या मागवल्या. त्यांना डॅक म्हणतात. एक ठेवायची, एक परत करायची, आणि कुरिअरवाला त्याच दुपारी येणार होता.

नाना प्रत्येक यंत्र एकाच रेकॉर्डिंगवर तपासतात. त्यात त्यांच्या पत्नी, आमच्या अक्का, लाकडी बडगीत वांग्याचं भरीत कुटत असतात. "तू बीएस्सी शेस, तूच सांग," म्हणून त्यांनी मला बोलावलं. घरातला मी पहिला पदवीधर. पदवीवर विश्वास ठेवून कोणी बोलावलं, की मी जातोच.

पहिल्या डबीला नानांनी नाक मुरडलं. "वांगं आयकू येस, मिरची नही." दुसरी जोडून ते खुर्चीत बसले, डोळे मिटले आणि एकदम उजळले. "आयक! मिरची बी आयकू येस! जशी तुनी अक्का आठेच शे!" मीही मनापासून मान डोलावली.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून अक्का आल्या. हाताला भरीत लागलेलं. "तुमनी वायर तं खाले पडेल शे. मी कुटी ऱ्हायनू."

नानांनी वायरकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही, याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. कुरिअरवाल्याला त्यांनी दोन्ही डब्या देऊन टाकल्या. मग आपली ऐकायची खुर्ची उचलून स्वयंपाकघराच्या दारात, बरोबर मधोमध मांडली, डोळे मिटले आणि म्हणाले, "हां, आते कुट."