मारुतीपुढचा गोटा

महाराष्ट्र राज्य झालं त्या साली जानेफळच्या हिंमतराव पहेलवानानं मेहकरच्या जत्रेत शेवटची कुस्ती मारली. पुढं दरसाल त्याचीच पाठ मातीला लागू लागली. कोणी विचारलं की मिशीला पीळ देत तो सांगे, "माहा जोर हाये तसाच हाये. आजकालचे पोट्टेच लय तगडे होऊन राह्यले."

गावानं मान डोलावली. त्याच्या बायकोनं, वच्छलाबाईनं, मात्र नाही. ती म्हणाली, "पोट्टे तगडे झाले असतीन. पण मारुतीपुढचा गोटा तं तोच हाये ना? तो उचलून दाखवा."

हा वाटोळा गोटा हिंमतराव तरुणपणी खांद्यावरून मागं फेकत असे. शनिवारी सगळ्यांदेखत त्यानं गोट्याला मिठी मारली. गोटा गुडघ्यापर्यंत आला आणि पुन्हा खाली बसला. हिंमतरावानं शेंदरानं माखलेले आपले तळहात पाहिले आणि तो पुजाऱ्यावरच डाफरला, "दरसाल शेंदूर थापू थापू वजन वाढवलं तुमी याचं!"

पहेलवानाला खोटारडा म्हणायची माझी छाती नाही. एवढंच सांगतो, पुढच्या शनिवारी शेंदूर लावायला तो स्वतः गेला. मारुतीला त्यानं बोटभर लावला, आणि गोट्याला ओंजळभर.