आमचा रोजच कोरडा दिवस

सरपंचांनी नारळ फोडला, फॉगिंग मशिन धडधडलं आणि टाळ्या वाजल्या. सगळ्यात पुढे मी उभी होते, गळ्यात हार घालून. चाकणजवळच्या एका गावात मी सरकारी दवाखान्याची डॉक्टर आहे. एवढ्या धुराने डेंगी थांबणार नाही, हे तिथे फक्त मलाच पक्कं माहीत होतं.

डेंगीचा डास साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. धुराने उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या मजेत वाढतात. म्हणून आम्ही ‘कोरडा दिवस’ पाळायला सांगतो. आठवड्यातून एकदा सगळी पिंपं रिकामी करून घासायची.

फॉगिंगच्या काही दिवस आधी कंपनी कामगारांच्या भाड्याच्या खोल्यांवर मी हे सांगायला गेले, तेव्हा परभणीची सुनीता हसलीच.

“म्याडम, टँकर कवा येईल त्याचा नेम नाई. पाणी सांडून दिल्यावर लेकराला काय पाजू? आमचा तर रोजच कोरडा दिवस हाय.”

खोल्यांमागे सिमेंटचा मोठा हौद होता, बिनझाकणाचा. वाकून बघितलं तर अळ्याच अळ्या. खोल्या आणि हौद, दोन्ही सरपंचांचे.

“आप्पा, हौदाला झाकण बसवा आणि खोल्यांना नळ द्या,” मी त्यांना म्हणाले.

“नळ दिला तर गाव म्हणंल, आमचं पाणी भाडेकऱ्यांना दिलं. त्यांचं मतदान हितं हाय का? न्हाई.”

“मग निदान झाकण?”

“बसवू की! पण मॅडम, झाकण कुणाला दिसतंय? धूर साऱ्या गावाला दिसतो. फॉगिंग पायजे म्हणून लिहून द्या, लगेच मशिन आणतो.”

मी लिहून दिलं. झाकणाचं एक वाक्य शेवटी घातलं होतं. ग्रामसभेत ते कुणी वाचलंच नाही आणि मीही तोंड उघडलं नाही. आप्पांशी वाकड्यात शिरलं की बदली होते, हे मला ठाऊक होतं.

पुढच्याच महिन्यात सुनीताची पिंकी तापाने फणफणली. डेंगीच निघाला. प्लेटलेट झपाझप उतरल्या, मी तिला पिंपरीच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. पोरगी वाचली. घरी आल्यावर सुनीता पेढे घेऊन दवाखान्यात आली.

“तुमी धूर मारला म्हणून थोडक्यात निभावलं, म्याडम. पुन्ना कवा मारणार?”

मान वर करायची लाज वाटली. “लवकरच,” म्हणाले आणि पेढा घेतला.

हौद अजून उघडाच आहे. म्हणजे झाकण बसलंय, पण धुराचं. त्यावर सही माझी आहे.