केझूच्या यादीतून गळलेलं घर

उमसुनायच्या नाकावर कायम राग असतो. सव्वीस वर्षं ती सारी-कुंगेय गावचं वाचनालय सांभाळते आहे, आणि पुस्तकाच्या पानाचा कोपरा दुमडला म्हणून तिने मुख्याध्यापकांनाही चारचौघांत झापलेलं आहे. तिचा नवरा मुकाश म्हणतो, "हिला रागवायला कारण लागत नाही, समोर माणूस असला की पुरे." पण त्या जूनमध्ये तिला जो राग आला त्याला कारण होतं, आणि ते कारण सापडेपर्यंत अख्खी वरची गल्ली तिला लबाड म्हणून मोकळी झाली होती.

भांडण केझूवरून झालं. वरच्या गल्लीत अडतीस घरं आहेत, आणि प्रत्येकाच्या दारात पाच-पंधरा मेंढ्या. रोज एका घराने सगळ्यांच्या मेंढ्या डोंगरावर न्यायच्या, संध्याकाळी आणून सोडायच्या, आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या घराने. ही पाळी म्हणजे केझू. आभाळ भरून आलं की नेमकी त्याच दिवशी कोणाची तरी कंबर धरते, कोणाला तरी शहरात जायचं असतं. तक्रार सगळेच करतात. तरीही ज्याच्या दारी केझू येत नाही तो त्या गल्लीचा नाही, हे इथे कोणाला सांगावं लागत नाही. अशा माणसाला लग्नाला बोलावतात, पण बकरं कापायला हाक मारत नाहीत.

केझूचा क्रम एसेनबाय आबांच्या डोक्यात असायचा. हिवाळ्यात ते गेले, आणि क्रमही त्यांच्याबरोबर गेला. मार्चमध्ये मेंढ्या बाहेर निघाल्या तशी रोज सकाळी दुकानासमोर हमरीतुमरी सुरू झाली. "काल माझी बायको गेली होती!" "मग परवा कोण गेलं होतं, तुझा सासरा?" हे रोज कानावर पडून उमसुनायचं डोकं उठलं, आणि तिने जाहीर केलं की यादी आता मी करणार, आणि संगणकावर करणार, म्हणजे कोणाला तोंड उघडायला जागा राहणार नाही.

ती हे उगाच बोलली नव्हती. नारिन शहरातून अदिनाय नावाची चोवीस वर्षांची मुलगी दर शनिवारी वाचनालयात यायची आणि गावातल्या बायकांना प्रोग्रामिंग शिकवायची. सुरुवातीला अकरा जणी होत्या. मेपर्यंत तीन उरल्या, आणि त्यातली एक गरम खोलीत बसायला मिळतं म्हणून येत होती. उमसुनाय मात्र वही-पेन घेऊन पुढच्या खुर्चीत. अदिनायने सांगितलं की लिस्टमधली मोजणी शून्यापासून सुरू होते, तेव्हा तिने पेन खाली ठेवलं.

"शून्य नंबरच्या घरात कोण राहतं गं?"

"पहिलं घर, एजे," अदिनाय म्हणाली. इथे थोरल्या बहिणीला एजे म्हणतात.

"मग त्याला पहिलं म्हणायला काय जातं तुमचं? शाळेत मास्तरांनी एक शिकवलं, तू दुसरंच शिकवतेस. दोघांपैकी एकाला तरी धरून बडवलं पाहिजे."

पण लूप तिला पहिल्याच फटक्यात कळला. अदिनाय म्हणाली, "यादीतलं एकेक नाव घ्यायचं, त्याच्यासाठी तेच काम करायचं, मग पुढचं नाव, यादी संपेपर्यंत." उमसुनाय म्हणाली, "हे तर केझू झालं! एवढ्यासाठी तुला नारिनहून यावं लागलं?" आणि त्या दिवशी ती खरोखर खूश होती, जरी चेहऱ्यावरून ते कोणाला कळलं नसतं.

जूनच्या सुरुवातीला तिने अडतीस नावं रस्त्याच्या क्रमाने टाकली आणि लूप लिहिला. तिचा दीर सापारबेक त्या उन्हाळ्यात आपल्या मेंढ्या घेऊन वरच्या कुरणावर, जाइलोवर, गेला होता, म्हणून त्याचं घर यंदा केझूत नव्हतं. लूपला तिने तेही सांगितलं: घर जाइलोवर गेलं असेल तर त्याचं नाव यादीतून काढ, नसेल तर छाप. कागद निघाला. तिने तो दुकानाच्या दारावर चिकटवला आणि दोन पावलं मागे येऊन बघितला. ओळी सरळ होत्या, तारखा बरोबर होत्या. पहिले अकरा दिवस गल्लीत एकही आवाज चढला नाही.

बाराव्या दिवशी सकाळी कालमुरात आबा तयार होऊन बाहेर आले. सत्तरीचा माणूस, सापारबेकच्या शेजारचं घर. कागद वाचायला ते दुकानाकडे गेले नव्हते; सापारबेकच्या अलीकडच्या घराची केझू काल झाली, म्हणजे आज आपली, एवढा त्यांचा सरळ हिशेब होता. बायकोने पहाटे उठून कणकेचे बोर्सोक तळून फडक्यात बांधून दिले होते, बुटांना चरबी लावलेली, हातात काठी. आणि बघतात तर पुढच्या घरची सून कळप हाकत निघालेली.

"थांब गं, आज माझी!"

"यादीत माझी लिहिलीय, आबा. तुमचं नाव नाहीच."

म्हातारा दुकानापर्यंत चालत गेला. कागद वरून खाली वाचला, मग खालून वर वाचला. मागे बायका उभ्या होत्या, सगळ्यांनी ते बघितलं. आणि सगळ्यांना एकच गोष्ट आठवली: गेल्या शरदात सापारबेकच्या कुत्र्याने कालमुरातचं कोकरू फाडलं, दोघांवर एकमेकांच्या दाढ्या धरायची वेळ आली, आणि तेव्हापासून दोन घरांत बोलणं नाही. आता सापारबेकच्या भावजयीने यादी केली आणि नेमका कालमुरातच गायब. यात समजायला अवघड काय होतं?

कालमुरात आबा तडक घरी गेले. त्यांनी कळपातून आपल्या चौदा मेंढ्या कायमच्या काढून घेतल्या आणि ओढ्याकाठी एकटेच चारायला लागले. बायकोमार्फत निरोप तेवढा आला: गल्लीने मला काढलंय, तर मी मेल्यावर मला उचलायलाही गल्लीने येऊ नये.

उमसुनायच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी काढलं? मी? एवढी वर्षं कोणाचं एक पान इकडचं तिकडे केलं नाही, आणि एका कुत्र्यापायी नाव गाळीन?" ती दुकानात ओरडली, चौकात ओरडली, घरी मुकाशवर ओरडली. मुकाश म्हणाला, "अगं, मग तूच एकदा जाऊन सांग ना त्याला." त्यावर तिने त्याच्या पुढ्यातला चहा उचलून नेला.

तिने अडतीस नावं तपासली. कालमुरात यादीत होते, सापारबेकच्या लगेच खाली. मग छापले का गेले नाहीत? शनिवारी अदिनाय आली, तिने पडद्याकडे बघितलं आणि हसून म्हणाली, "अय्या एजे, छोटीशी चूक आहे ही! सगळ्यांची होते सुरुवातीला. लूप चालू असताना त्याच यादीतून नाव काढलं की पुढचं एक निसटतं."

"छोटीशी?" उमसुनायचा आवाज चढला. "एक माणूस आपल्या मयताला येऊ नका म्हणून सांगतोय, आणि तुला हसू येतंय? आणि निसटतं म्हणजे काय? नाव आहे तिथेच आहे, मला डोळ्यांनी दिसतंय! मी काढ म्हटलं सापारबेकला, आबांना नाही!"

अदिनायने पुन्हा समजावलं, बोटांनी हवेत घरं काढून दाखवली. उमसुनायला शब्द कळले, पण गोष्ट पटली नाही. न पटलेली गोष्ट आबांना कुठल्या तोंडाने सांगायची? "यंत्राकडून निसटलं" असं म्हणणारे सरकारी कार्यालयातले लोक तिला माहीत होते, आणि त्यांचा तिला मनस्वी तिटकारा होता.

उलगडा झाला तो शेजारच्या बाळाला पाळण्यात घालायच्या जेवणात. जेवणाचं दस्तरखान अंथरलेलं, वयाच्या मानाने सगळे बसलेले: समोर तोरवर, मानाच्या जागी, सगळ्यात थोरले, आणि मग उतरत्या क्रमाने दारापर्यंत. चहा देण्याचं काम उमसुनायकडे होतं. तोरपासून सुरुवात करून ती जागेगणिक एकेक वाटी पुढे करत होती. तिसऱ्या जागेवरच्या एका आजोबांना वाटी देते तोच बाहेरून हाक आली आणि ते उठून गेले. मधे रिकामी जागा ठेवत नाहीत, म्हणून खालचे सगळे एकेक जागा वर सरकले. उमसुनाय वळली, पुढची वाटी भरली, चौथ्या जागेवर दिली, मग पाचव्या.

"ए बाई," तिसऱ्या जागेवरून एक म्हातारी करवादली, "मी काय मेलेय का? मला चहा नाही?"

म्हातारी आधी चौथ्या जागेवर होती. ती सरकून तिसऱ्यावर आली, आणि तिसरी जागा तर उमसुनायच्या लेखी झालेली होती. तिने कोणाला गाळलं नव्हतं. तिने फक्त जागा मोजल्या होत्या, आणि माणसं हलली होती.

 तिने चहाची किटली यजमानीणबाईंच्या हातात कोंबली, पाच रिकाम्या वाट्या शालीआड घेतल्या आणि भर जेवणातून निघाली. मागून मुकाशने विचारलं, "आता कोणावर चिडलीस?" तोवर ती दाराबाहेर होती.

कालमुरात आबा अंगणात कोकराचा पाय बांधत होते. त्यांनी मान वर केली नाही. ती परवानगी न विचारता समोर बसली आणि जमिनीवर पाच वाट्या एका ओळीत मांडल्या.

"तुम्हाला ऐकायचं नसेल तर ऐकू नका. बघा फक्त. ही सापारबेकची वाटी, ही तुमची. मी यंत्राला सांगितलं, एकेका जागेवर जा. ते सापारबेकच्या जागेवर आलं. मी म्हटलं, याला काढ. काढलं." तिने वाटी उचलली. "मग तुम्ही सरकून त्याच्या जागेवर आलात. आणि यंत्र गेलं पुढच्या जागेवर. तुमच्याकडे ते बघायलाच आलं नाही. चूक माझी. चालत्या ओळीतून मी माणूस उठवला. आधी राहणाऱ्यांची वेगळी यादी करायला हवी होती आणि मग तिच्यावरून जायला हवं होतं. झालं. एवढंच. आता ओरडा माझ्यावर."

म्हातारा वाट्यांवर वाकला. एक वाटी स्वतः उचलून बघितली, पुढच्या सरकवल्या, बोट पुढे नेलं. त्यांना ते अदिनायच्या वर्गातल्या कोणाहीपेक्षा लवकर कळलं.

"बरं," ते म्हणाले. "यंत्राला मी माहीत नाही. त्याने गाळलं."

"तेच सांगतेय मी!"

"आणि दारावर कागद कोणी चिकटवला?"

"मी."

"वाचलास?"

"वाचला की."

"सदतीस नावं हवी होती, छत्तीस होती. तुझ्या लग्नात तुला घोड्यावरून उतरवून घेतलं ते मी. तुझ्या घरापासून माझं घर चौथं. कागद वाचताना तुला कालमुरात नाही हे दिसलं नाही?"

उमसुनायने तो कागद आठवून पाहिला.  तिने ओळी बघितल्या होत्या, तारखा बघितल्या होत्या, आणि स्वतःचं नाव कुठे आहे तेही बघितलं होतं.

"नाही दिसलं, आबा," ती म्हणाली. तिचा राग गेला नव्हता. फक्त आता तो दुसऱ्या कोणावर टाकता येत नव्हता, आणि तसा राग तिला आजवर कधी आला नव्हता.

"पेनाने नाव लिहून चिकटवू नकोस," आबा कोकराकडे वळून म्हणाले. "सगळ्यांचं जसं छापलंय तसं छाप."

तिने त्याच दुपारी लूप नीट केला. सदतीस नावं निघाली. या वेळी तिने प्रत्येक नाव मोठ्याने वाचलं आणि प्रत्येक नावाला तो माणूस डोळ्यांपुढे येईपर्यंत थांबली. त्याला पाऊण तास लागला. नवी यादी तिने कालमुरात आबांपासून सुरू केली होती, म्हणून पुढच्या दिवसाची केझू त्यांची होती.

सकाळी ती मेंढ्या घेऊन फाटकाशी उभी होती. गल्लीच्या खालच्या टोकाकडून आबांचा आवाज येत होता. एकेका दारासमोर थांबून ते नाव घेऊन हाक मारत होते: "सोडा मेंढ्या!" फाटकं उघडत होती, कळप वाढत होता. शेजारच्या घराला हाक गेली. मग आबा तिच्या फाटकासमोरून काठी टेकत, समोर बघत, सरळ निघून गेले, आणि पलीकडच्या घराला हाक दिली.

 गल्ली बघत होती. पलीकडची बाई बघत होती, तिच्या मागे तिची सासू बघत होती.  एवढ्या वर्षांत उमसुनायशी असं कोणी वागलं नव्हतं. तिने फाटक लाथेने उघडलं, नऊच्या नऊ मेंढ्या रस्त्यावर काढल्या आणि त्यांच्यामागे पळत सुटली.

"आबा! माझं घर दिसलं नाही का तुम्हाला?"

आबांनी पावलं थांबवली नाहीत. काठीने तिच्या मेंढ्या तेवढ्या कळपात घेतल्या.

"कसं वाटतं?" त्यांनी विचारलं.