फोटोतले आबा कामाला लागले

मालिका चालू असते तेव्हा कलाकाराकडे किस्से नसतात, कॉलटाइम असतो. सकाळी सातला मेकअप, मग दिवसभर रडणं आणि मधे वेळ मिळाला तर जेवण. किस्से साठायला लागतात ते मालिका संपल्यावर, पोटापाण्याची दुसरी सोय बघताना. आमची मालिका संपून आता बराच काळ झाला. तिचं नाव सांगत नाही. सांगितलं की माणसं शीर्षकगीत म्हणायला लागतात आणि माझ्या डोळ्यांत सवयीनं पाणी येतं. कोल्हापूरजवळच्या एका गावात, भाड्याच्या घरात चार वर्षं शूटिंग चाललं. मी त्यात मोठी सून होते. आता आम्ही त्यातली मंडळी महिन्यातून एकदा मिसळ खायला भेटतो. तर्री यायच्या आधीच कुणीतरी सुरू करतं, "अगं, परवा काय झालं माहितीय का?"

*

आधी आबांची ओळख करून देते. आबा म्हणजे मालिकेतले माझे सासरे. खरं नाव शंकरराव, पण त्या नावानं आता त्यांना घरातसुद्धा कुणी हाक मारत नाही. सूतगिरणीत कामाला होते, हौशी नाटकं करायचे आणि या मालिकेसाठी त्यांनी गिरणीतली नोकरी सोडली. आणि लेखकानं त्यांना दुसऱ्याच भागात मारलं.

त्यानंतर चार वर्षं आबा भिंतीवर होते. हार घातलेला मोठा फोटो आणि खाली समई. घरात काहीही झालं, की मी त्या फोटोपुढं उभी राहून रडायची. आबांचा चेहरा रोजच्या भागात दिसायचा, पण फोटोला मानधन नसतं. कुणाला त्यांची आठवण आली आणि जुना प्रसंग दाखवायचा ठरला, तरच त्यांना शूटिंगला बोलावणं जायचं. आमच्या आठवणींवर त्या माणसाचं घर चालायचं!

एकदा ते सेटवर आले आणि माझ्याशेजारी खुर्ची ओढून हळूच म्हणाले, "सूनबाई, जरा आठवण काढा की माझी. पोरीच्या नर्सिंगची फी भरायची हाय."

मी लेखकाला फोन केला. त्या आठवड्यात मला सासऱ्यांची सलग आठवण आली.

*

शूटिंगच्या शेवटच्या दिवशी सगळे गळ्यात पडून रडलो, तेही ग्लिसरीनशिवाय. सामान टेम्पोत चढत होतं. आर्टवाल्यांनी तो फोटो आबांना भेट म्हणून दिला. आबा खूश झाले. फोटो रिक्षात घालून घरी घेऊन गेले, तर त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकूंनी, त्यांना दारातच अडवलं.

"जित्या माणसाचा असला फोटो घरात आणू नका. आधी तो हार काढा."

आबा म्हणाले, "हार काढला तर मला वळखणार कोण?"

तो फोटो अजून शेजाऱ्यांच्या माळ्यावर आहे.

*

लीलाताई म्हणजे आमच्या मालिकेतली काकी. प्रत्यक्षात मुंगी मारायची झाली तरी दोनदा विचार करणारी बाई. पण मालिकेत तिनं माझ्या खिरीत विष कालवलं होतं आणि तो भाग आमच्या जिल्ह्यात पाहिला नाही असं घर नसेल. मालिका संपल्यावर ताईंनी कांदा-लसूण मसाला घरीच करून विकायला घेतला. महिला बचत गटाच्या प्रदर्शनात स्टॉल लावला. बायकांची ही झुंबड उडाली, पण पुडी कुणी हातात घेईना.

शेवटी एक आजी पुढं झाल्या. म्हणाल्या, "आधी तुमी खावा. मग मी घेतो."

ताईंनी भाकरीचा तुकडा मसाल्यात बुडवून खाल्ला. आजींनी दोन पुड्या घेतल्या. पण मागच्या बाईनं ते बघितलंच नव्हतं, म्हणून ताईंनी पुन्हा खाल्ला. असं संध्याकाळपर्यंत चाललं. सगळा मसाला संपला आणि ताई पोट धरून दवाखान्यात गेल्या.

डॉक्टरांनी त्यांना तपासलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "काकी, शेवटी स्वतःच खाल्लंत."

आता स्टॉलवर ताई पुतण्याला बसवतात. तोंडाला मसाला लावूनच बसवतात, म्हणजे प्रश्न नको.

*

धाकटा दीर झालेला सागर हा आमचा हिरो. मुंबईत दुसरी मालिका मिळते का ते बघून आला आणि मुकाट्यानं शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या ऑफिसात लागला. कामाला चांगला आहे, पण चार वर्षांचं वळण एकदम जात नाही. आमच्याकडे दोन माणसं भांडत असली तरी समोरासमोर उभी राहत नाहीत. दोघांचे चेहरे कॅमेऱ्यात दिसायला हवेत, म्हणून एकानं पाठ फिरवून खिडकीबाहेर बघत ऐकायचं असतं.

एकदा माल चुकून दुसऱ्याच गिऱ्हाइकाकडे गेला. मालक खवळून सागरच्या टेबलाशी आले आणि बोलायला लागले. सागर उठला, चार पावलं चालत खिडकीशी गेला आणि पाठमोरा उभा राहिला. चेहऱ्यावर वेदना.

मालक म्हणाले, "आरं, मी हिकडं हाय. खिडकीला सांगालोय व्हय मी?"

सागरनं मान वळवली. आमच्या पद्धतीनं.

मालक म्हणाले, "आणि वळायचंच हाय तर एकदाच वळ की. तीनदा कशाला?"

पण माणूस मोठ्या मनाचा. तेव्हापासून बाहेरगावचं गिऱ्हाईक आलं, की चहाला सागरला सोबत बसवतात.

*

माझंही बरं चाललंय. लग्नात, वाढदिवसाला, दुकानाच्या उद्घाटनाला सूत्रसंचालन करते. फीत कापायलाही बोलावतात. तेवढ्यानं भागत नाही म्हणून सकाळी दोन घरगुती शिकवण्या घेते. पण जिथं जाईन तिथं फर्माईश एकच असते, जरा रडून दाखवा.

कोल्हापुरातच एका लग्नात कार्यक्रम उरकून निघाले होते, तर नवरीची आई धावत आली.

"ताई, पोरगी निघालीया आणि नुसती हसालीया बघा. लोक काय म्हणतील? तुमी जरा सुरू करा, मग आमचं आपोआप येतंय."

मी पदर तोंडाला लावला. नवरीची आई रडायला लागली, मग आत्या, मग माम्या, मग बँडवाला. शेवटी मीच थांबेना. मला माझी मुलगी आठवली, तिचं लग्न आठवलं. ती आता सहावीत आहे.

नवरी स्वतः माझ्यासाठी पाण्याचा ग्लास घेऊन आली. पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "बास की ओ ताई. मी हितं राजारामपुरीतच चाललोय."

*

हसण्यावारी नेतोय खरं, पण मिसळीच्या टेबलावर आम्ही सगळे एक गोष्ट मानतो. काम गेलं, पण माणसं गेली नाहीत. भाजीवाली पिशवीत कोथिंबिरीची पेंढी टाकते आणि म्हणते, "लई सोसलंस गं बाई." रिक्षावाला घराच्या दारापर्यंत सोडतो. खरं सांगायचं तर मी काही फार मोठी नटी नाही. मला एका भूमिकेनं जे दिलं, ते पुष्कळांना आयुष्यभर स्टेज झिजवूनही मिळत नाही. रोज देवापुढं दिवा लावताना मी त्या मालिकेचंही नाव घेते.

फक्त आबांचं बस्तान काही बसत नव्हतं, आणि ते मला खुपायचं.

गिरणीत परत घेईनात. काकूंच्या शिवणकामावर किती दिवस ढकलणार? मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष. फी भरली नाही तर तिला घरी बसवावं लागणार होतं. एका सराफाच्या नव्या शोरूमचं उद्घाटन होतं, तेव्हा मी म्हटलं, माझ्याऐवजी आबांना बोलवा. मालकांनी कपाळ खाजवलं.

"ताई, चेहरा एक नंबर हाय. पण मुहूर्ताला वारलेला माणूस कसा बोलवायचा?"

"अहो, ते जिवंत आहेत."

"मला म्हाईत हाय की. गिऱ्हाइकाला न्हाय."

आबांना सांगितलं तेव्हा ते मोठ्यानं हसले. मग मिसळीत पाव बुडवून तसाच धरून बसले. पाव विरघळून गेला तरी त्यांचं लक्ष नव्हतं. मला फार वाईट वाटलं. आम्ही सगळ्यांनी त्या चेहऱ्यापुढं रडून नाव कमावलं होतं आणि तो चेहरा तेवढा रिकामा बसला होता.

*

पुढं आबांनी एक परीक्षा दिली आणि आयुर्विम्याचे एजंट झाले. त्या वयात अभ्यास करून पास झाले म्हणून आम्ही त्यांना मिसळ दिली. पण पॉलिसी एकही निघेना. लोक दार उघडायचे, दचकायचे, मग घरात घ्यायचे. चहा द्यायचे. सेल्फी काढायचे. एका घरात तर म्हातारीनं हात जोडले. पण विम्याचा विषय काढला, की सगळ्यांना कामं आठवायची.

एक दिवस त्यांचा फोन आला. "सूनबाई, उद्या माझ्यासंगं मुरगूडला चला. तुमी असला तर लोक ऐकून तरी घेतील. आता न्हाय जमलं, तर पोरीला सांगून टाकतो की बाई, ऱ्हाऊ दे."

मी शिकवणीला सुट्टी दिली आणि स्कूटी काढली. आबा मागं बसले, मांडीवर माहितीपत्रकांची पिशवी घट्ट धरून.

घर चांगलं होतं. दारात चार म्हशी, नवरा-बायको दोघं तरणे, दोन पोरं शाळेत गेलेली. घरच्या वहिनी आम्हाला बघून हरखल्या. मला धरून आत नेलं, सायीचा चहा केला. शेजारची शांता नावाची बाई भिंतीवरून डोकावून गेली. फोटो झाले. मग आबांनी घसा साफ करून विषय काढला.

नवरा हसला. "आबा, तुमास्नी न्हाय म्हणायला जिवावर येतंय. पण मला काय हुतंय? रोज धारोष्ण दूध पितोय. ह्या वयात कशाला ते पॉलिसीचं?"

इथं आबा नेहमी माहितीपत्रक वाचून दाखवायचे. त्या दिवशी त्यांनी ते हातात घेतलं, बघितलं आणि परत पिशवीत ठेवलं. कप खाली ठेवला. आवाजात जराही नाटक नव्हतं.

"पावणं, मलाबी काय हुईत नव्हतं. दुसऱ्याच भागात गेलो."

आबांनी कोपऱ्यातल्या टीव्हीकडं बोट दाखवलं.

"घरच्यांसाठी काय सोय केली नव्हती मी. माझ्या माघारी त्यांचं काय झालं, ते मी काय सांगू? तुमी चार वर्सं रोज साडेसातला बघितलंय."

नवरा जमिनीकडं बघायला लागला. वहिनींनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्याच टीव्हीवर, त्याच माणसाच्या फोटोपुढं मी कितीतरी संध्याकाळी रडले होते. आणि तिथं बसल्या बसल्या माझे डोळे भरून आले. ते मात्र सवयीनं नव्हतं.

वहिनी उठल्या. नवऱ्याला म्हणाल्या, "हितंच बसा. हलायचं न्हाय."

मग ओट्यावर जाऊन त्यांनी शेजारी हाक मारली, "शांते, तुझ्या नवऱ्याला घिऊन ये. आमच्यात आबा आल्यात."