अवकाशातल्या फराऱ्यांचा धर्म

भीमराज धर्म बनवायचा. हसू नका, खरंच सांगतोय. अंधेरी पूर्वेला मरोळच्या अंगाला एक काचेची इमारत आहे, तिच्या चौथ्या मजल्यावर बसून हा माणूस पगारी धर्म बनवायचा. तोही कुणासाठी, तर अवकाशात जहाजं लुटत फिरणाऱ्या लुटारूंसाठी!

कंपनी मोबाइलवर ऐकायच्या मालिका काढायची. रोज बारा मिनिटांचा भाग. बायका पोळ्या लाटता लाटता ऐकायच्या, वॉचमन गेटवर बसून ऐकायचे. पाच वर्षं भीमराज तिथं लिहीत होता. हडळी लिहिल्या, सुडानं पेटलेल्या जावा लिहिल्या, वेटर म्हणून नोकरी करणारे अब्जाधीश लिहिले. आणि भाग संपला की एक गोड आवाज म्हणायचा, "लेखन, आमची टीम." कसली टीम आणि कसलं काय! टीम म्हणजे हा एकटा आणि सारखा रजेवर असणारा केयूर.

घाटकोपरला सातव्या मजल्यावरच्या घरात त्याची आई कमल प्रत्येक मालिकेचा शेवटचा शब्द संपेपर्यंत फोन कानाला लावून बसायची. तीस वर्षं अंगणवाडीत खिचडी शिजवलेली बाई. "कामून नाव घेत न्हाईत रे तुझं?" ती विचारायची. "शाळेत हजेरीला तरी घेत होते." भीमराज म्हणायचा, "घेतील, आई." पाच वर्षं हेच.

मग 'शून्यातले फरारी' आली. लेखकांची प्रमुख स्वरदा, पार्ल्याची, गोड बोलणारी. तिनं भीमराजला बोलावलं. "चारशे वर्षांनंतरची गोष्ट आहे रे. शनीच्या चंद्रांवरच्या वसाहतींनी हाकलून दिलेली माणसं. एक मोडकं जहाज, पाण्याची लूट. पण नुसते लुटत सुटले तर ऐकणार कोण? त्यांना एक धर्म दे. देव, शपथ, पूजाबिजा, काय ते बघ. आणि ह्या वेळी नाव तुझं. माझा शब्द."

आठवडाभर भीमराजनं डोकं आपटलं. कृष्णविवराची देवी काढली, निळ्या ताऱ्याचा बाबा काढला. वाचून त्याचं त्यालाच हसू आलं. सगळ्याला उदबत्तीचा वास. अहो, ज्यांना त्यांचेच देव पुजणाऱ्या गावांनी हाकललं, ती माणसं पुन्हा कुणाला कशाला हात जोडतील?

रविवारी कमल मेथी निवडत बसली होती. तिनं तिची ती जुनी गोष्ट पुन्हा सांगितली, आणि ह्या वेळी भीमराजनं ती नीट ऐकली. तिचे सासरे दशरथ, हिंगोलीकडचे. छप्पन्न साली नागपूरला दीक्षा घेऊन चालत गाव गाठलं, देव्हाऱ्यातले टाक, शेंदराचा गोटा, कवड्यांची माळ, सगळं एका टोपलीत घातलं आणि निघाले कयाधू नदीवर. मागे बायको, रडत. पिढ्यान् पिढ्यांची भीती पोटात असते, बाबा, एका दिवसात कुठं जाते? काठावर दशरथ बायकोला म्हणाले, "मी टाकणार नाही. तुझे तू टाक. तुझ्या हातानं गेले तरच गेले." ती बराच वेळ टोपली धरून रडली. मग एकेक करून तिनंच टाकले. येताना टोपली रिकामी होती. गावानं ह्यांना विहीर बंद केली, तरी त्याच टोपलीत पुढं वीस वर्षं भाकरी ठेवल्या. म्हातारी मरेस्तोवर सुनेला सांगायची, "देव गेले त्या दिवशी हात लई हलका झाला गं."

झालं. भीमराजला धर्म सापडला. जहाजावर येणाऱ्यानं आपल्या वसाहतीचा देव बरोबर आणायचा. तो त्याच्याकडून कुणी हिसकावून घ्यायचा नाही. त्यानं स्वतः हवाबंद दारापाशी जायचं, स्वतः कळ दाबायची आणि तो शून्यात सोडायचा. देव ज्या डब्यातून आणला त्याच डब्यात पुढं जेवायचं. पुजारी कुणी नाही. जो सगळ्यात शेवटी आला, तोच नव्यानं येणाऱ्याला शपथ देणार. म्हणजे कालचा हाकललेला आजच्या हाकललेल्याला आत घेणार. एवढाच धर्म.

"झकास रे!" स्वरदा खुर्चीतून उठलीच. "अंगावर काटा आला. कुठून काढलंस हे?"

"सुचलं," भीमराज म्हणाला.

सुचलं म्हणे! आजीनं नदीकाठी डोळे गाळले आणि ह्याला सुचलं! पण ह्याचं असंच होतं. पाच वर्षांत ऑफिसात कुणी गाव विचारलं की "हिंगोली" म्हणून हा कॉफीच्या मशिनकडं चालायला लागायचा, कारण पुढचा प्रश्न कुठला येतो ते ह्याला ठाऊक. सांगितलं असतं तर पुढचं टळलं असतं का? नसतं टळलं, असं मला वाटतं. पण तोडणाऱ्याला निदान कळलं असतं, आपण काय तोडतोय ते.

मालिका धो धो चालली. पहिल्या भागाच्या शेवटी आवाज आला, "लेखन, भीमराज इंगोले." कमलनं ते सात वेळा ऐकलं. चौथ्या भागात जहाजावरची म्हातारी रिकामा डबा छातीशी धरून परत फिरली, तेव्हा कमल ओट्यापाशी उभ्या उभ्या हमसून रडली. "ही तर आमच्या सासूबाईंची टोपली!" पुढच्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर तिनं फोन स्टीलच्या पेल्यात उभा ठेवला, म्हणजे आवाज मोठा येतो, आणि सगळ्या बायकांना ऐकवला. तेव्हापासून दर रविवारी आठवड्याचे सगळे भाग एकदम, पेल्यातून. शेजारची शकु तर म्हणायची, "कमलताई, आपला इतिहास पार आभाळात नेला की हो पोरानं." कमल त्यावर नुसता पदर सारखा करायची. तिच्या जन्मात तिला एवढा मान मिळाला नव्हता.

चाळिसाव्या भागानंतर ऐकणारे कमी व्हायला लागले. स्वरदानं भिंतीवर आलेख दाखवला. "लोकांना पटत नाही रे. देव फेकून देतात आणि ह्यांचं काहीच बिघडत नाही. शिक्षा पाहिजे ना. साठाव्या भागात जहाज बंद पडतं. फेकलेले देव जहाजाभोवती घिरट्या घालत परत येतात. मग कळतं, आपला कप्तान हाच खरा पुजारी घराण्यातला. सगळे त्याच्या पाया पडतात, देव आत घेतात, इंजिन चालू. कसं वाटतं?"

बिघडलं नाही कसं? विहीर बंद झाली होती की. पण ती देवांनी केली नव्हती, माणसांनी केली होती. हे भीमराजच्या अगदी ओठावर आलं. तो म्हणाला, "जरा विचार करू ना."

"तुला जमत नसेल तर केयूर लिहील, काही टेन्शन नाही. फक्त नाव मग त्याचं येईल. समजून घे, यार."

पेल्यातून केयूरचं नाव आलं तर? शकु विचारणार, भीमराज कुठं गेला? आई काय सांगणार? त्यानं स्वतःला हेच सांगितलं की हे आईसाठी करतोय. खोटं! पाच वर्षांची नावाची भूक होती ती, आईच्या नावावर खपवली.

त्यानं दोन दिवसांत भाग लिहिला. आणि वाईट तरी लिहावा ना! तेही जमलं नाही. चांगला लिहिला. म्हातारीच्या हातात बर्फ साचलेला देव परत येतो, ती तो बाहीनं पुसते आणि रडत रडत म्हणते, माझं चुकलं, मला तेव्हाच वाटत होतं माझं चुकतंय. रडणं कुठून आणलं? कयाधूच्या काठावरून. आजीचं तेच रडणं उचललं आणि उलटं फिरवून लावलं. स्टुडिओत म्हातारीचा आवाज देणाऱ्या बाईनं ते एका दमात बोलून टाकलं. स्वरदानं टाळ्या वाजवल्या.

भाग रविवारी सकाळी आला. भीमराज उगाच काम काढून ऑफिसात जाऊन बसला होता. दुपारी राहवेना, मेट्रोनं घाटकोपरला आला. कमल घरात फरशीवर बसली होती, पेला तसाच पुढ्यात. विहारात भाग संपल्यावर बायका एकेक करून उठल्या होत्या. शकु चप्पल घालता घालता "भीमराजनंच लिहिलं का हे?" एवढं विचारून निघून गेली होती.

"हे तू लिहिलंस," कमलनं विचारलं, "का त्यांनी?"

खरं सांगायला नुसतं तोंड उघडायचं होतं, एवढंच. ज्या बाईनं ह्याला बोटाला धरून दर चौदा एप्रिलला मिरवणुकीत नेलं, तिच्याशी खोटं बोलताना ह्याची जीभ अडखळलीसुद्धा नाही.

"त्यांनी, आई. मला न विचारता बदललं. माझं नाव तेवढं ठेवलं."

कमलनं मोठा श्वास सोडला. चेहऱ्यावर लगेच रंग आला. "तेच म्हणलं मी शकुला. माझ्या लेकराचा हात न्हाई हा." ती गुडघ्यावर हात टेकून उठली, त्याचं ताट वाढायला घेतलं. भाकरी तव्यावर टाकली, आणि त्याच्याकडं पाठ करूनच म्हणाली,

"लिव्हणारा बाकी लई हुशार बघ, भीमा. ती म्हातारी रडाया लागली ना, तवा घडीभर मलाच वाटलं, चुकलंच आपलं. माझे हातसुद्धा जुळले होते, सगळ्या बायकांदेखत."