काट्यावरचा नवा डेस्कटॉप

“काळा नको,” एचआरच्या दामले मॅडम म्हणाल्या. “रिसेप्शनला पांढरे आहेत. मॅच व्हायला हवा.”

विषय होता वजनकाट्याच्या केबिनमध्ये बसवायच्या डेस्कटॉपचा. ही केबिन गेटपाशी आहे, रिसेप्शनपासून चांगली दोनशे पावलं लांब. तिथे येतात ते ट्रक ड्रायव्हर. डेस्कटॉपचा रंग आवडला नाही म्हणून एखाद्या ड्रायव्हरने गाडी परत वळवल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. पण प्रत्येक कमिटीत एचआरचं माणूस हवं असा आमच्याकडे नियम आहे, आणि त्या माणसाने काहीतरी मत दिलंच पाहिजे हे त्याला जोडून येतं.

मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत सिस्टीम्स डिपार्टमेंट सांभाळते. सांभाळते म्हणजे ते डिपार्टमेंट मीच आहे. हेड ऑफिसचं सर्क्युलर आलं होतं की सगळ्या युनिट्सनी जुने कॉम्प्युटर काढून लिनक्स प्लॅटफॉर्मवर यावं. प्लॅटफॉर्म म्हणजे काय, हे दामले मॅडमना मी असं समजावलं होतं: घरात गॅस काढून इंडक्शन आणलं की जुन्या कढया त्यावर चालत नाहीत. कॉम्प्युटरचंही तसंच. खालची सिस्टीम बदलली की वरचे प्रोग्राम नवे करावे लागतात. त्यांना पटलं. त्या म्हणाल्या, इंडक्शनवर पोळ्या नीट फुगत नाहीत.

आमची सगळ्यात जुनी कढई होती काट्यावर. मालाचा ट्रक आत येताना काट्यावर चढतो, त्याचं वजन होतं. माल उतरवून जाताना पुन्हा वजन होतं. दोन्हींतला फरक म्हणजे आपल्याला मिळालेला माल. हे करणारा प्रोग्राम मी नोकरीला लागले त्याच्याही आधीचा. लिहिणारा माणूस तो आसपासच्या बऱ्याच काट्यांना विकून केव्हाच परदेशी गेला. काळा स्क्रीन, त्यावर हिरवी अक्षरं, माऊसचा पत्ता नाही. सगळं काम वरच्या ओळीतल्या बटणांवर: एफ-टू म्हणजे नवी गाडी, एफ-फाइव्ह म्हणजे वजन, एफ-नाइन म्हणजे पावती.

आणि ही बटणं दाबणारा माणूस म्हणजे बळीराम पारधी. बारवी धरणाच्या बाजूच्या एका पाड्यावरून येणारा, शाळा सातवीपर्यंत, काट्यावर चौदा वर्षं, तीही कॉन्ट्रॅक्टवर. त्याच्या कीबोर्डवरची अक्षरं पार पुसून गेली होती, पण त्याला ती वाचायची नव्हतीच. बटणं त्याला जागेवरून पाठ होती. त्याच्याइतक्या पटापट गाड्या काढणारा दुसरा कुणी मी पाहिलेला नाही.

सर्क्युलरला दामले मॅडमनी स्वतःच्या अकलेने एक शेपूट जोडलं. नवी सिस्टीम वापरणाऱ्या प्रत्येकाची ‘डिजिटल कॉम्पिटन्सी टेस्ट’ होणार. कॉन्ट्रॅक्टवाला नापास झाला तर दिवाळीनंतर त्याचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होणार नाही.

बळीराम दुसऱ्याच दिवशी माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.

“मॅडम, ते उंदीर धरून चालवायचं मला नाय जमणार.”

“कोण म्हणालं माऊस लागेल?”

“दामले मॅडम बोलल्या. परीक्षा हाय बोलल्या.” मग हळूच म्हणाला, “पोरगी नर्सिंगला हाय. अजून दीड वरीस. शेत हाय, पण त्यात खायापुरता भात होतो, फी नाय होत.”

मी म्हटलं, “बळीराम, प्रोग्राम मी लिहिणार आहे. तुम्ही पास होणार. मी सांगते ना.”

असं छातीठोकपणे सांगायची मला सवय आहे. तीस वर्षांत ती मोडली नाही, ही माझीच चूक.

तर पुन्हा कमिटीकडे. परचेसचे हेमनानी उल्हासनगरचे, माणूस कामाचा. त्यांनी एक कॅटलॉग उघडला. “देखो साईं, ऑल-इन-वन. स्क्रीन के पीछेच पूरा कॉम्प्युटर. एकदम स्लिम. केबिन में जगह बचेगी.”

“जागा वाचवून तिथे काय ठेवणार?” मी विचारलं.

“वो तुम देखो, मॅडम. हम तो परचेस हैं.”

“याला सिरियल पोर्ट आहे का?”

सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मी मासे आहेत का विचारलं. काट्याच्या डब्यातून कॉम्प्युटरला वजन सांगणारी एक जाडजूड वायर येते. तिच्या टोकाला नऊ पिना असतात, आणि त्या खुपसायला कॉम्प्युटरला मागे तसंच भोक लागतं. त्याला सिरियल पोर्ट म्हणतात. स्लिम डेस्कटॉपला ते नसतं. स्लिम होण्यासाठी सगळ्यात आधी कामाच्याच गोष्टी काढतात.

“कन्व्हर्टर लगा दो,” हेमनानी म्हणाले.

“कन्व्हर्टर ट्रकच्या हादऱ्याने निघतो. मग बळीरामने दर गाडीला टेबलाखाली शिरायचं का?”

त्यानंतर कीबोर्डवर अर्धा तास गेला. दामले मॅडमना छोटा, बिनवायरचा हवा होता. त्यात वरच्या ओळीतली बटणं वापरायला दुसरं एक बटण दाबून धरावं लागतं. मी नाही म्हटलं. मग स्क्रीनवर पाऊण तास गेला. जीएम कर्णिक साहेब शेवटी आले, दोन बिस्किटं खाल्ली आणि म्हणाले, “सामंत मॅडम, तुम्हाला काय हवं ते घ्या, पण दसऱ्याच्या मुहूर्तावर चालू झालं पाहिजे.” मीटिंग तीन तास चालली होती. निर्णय बिस्किटांमध्ये झाला.

मला हवा तो टॉवर उल्हासनगरच्या दुकानात मिळाला. काळा, बोजड, मागे दोन सिरियल पोर्ट. दुकानदार म्हणाला, “मॅडम, ये तो कोई लेता नहीं अभी.” मी म्हटलं, म्हणूनच द्या.

मग दोन महिने प्रोग्राम लिहिला. मन लावून लिहिला, खोटं कशाला बोलू. स्क्रीन काळाच ठेवला, अक्षरं हिरवीच ठेवली, फक्त मराठीत आणि मोठी केली. बटणं जुन्याच जागी. बळीराम रोज जेवणाच्या सुट्टीत यायचा, डबा बाजूला ठेवून सराव करायचा. आठवड्यात त्याचा हात बसला.

इथे थांबायला हवं होतं. पण मला चैन पडेना. परीक्षेत घाबरून त्याने चुकीचं बटण दाबलं तर? म्हणून मी तीन बटणांचं काम एकावर आणलं. गाडी काट्यावर स्थिर झाली की प्रोग्राम स्वतःच ओळखणार. गेटवर नोंदलेला गाडीचा नंबर स्वतःच समोर आणणार. तुम्ही फक्त एफ-फाइव्ह दाबा, पावती बाहेर. चुकायला जागाच ठेवली नाही. मला माझंच इतकं कौतुक वाटलं की त्या दिवशी घरी जाताना स्वतःसाठी चिकूची बर्फी घेतली.

परीक्षेत बळीराम पहिला आला. चाळीस जणांत. दामले मॅडमनी त्याला प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सर्टिफिकेट दिलं. त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं आणि मला म्हणाला, “पोरीला दाखवतो.” मला भरून आलं. ते तेवढ्यापुरतं बरोबरच होतं.

खंडेनवमीला आमच्याकडे मशिनरीची पूजा असते. त्या एका दिवशी प्लांट बंद आणि घरच्यांना आत यायला परवानगी. बायकामुलं नटून येतात, रिअॅक्टरला झेंडूची माळ, पंपाला हळदकुंकू, सगळ्यांना पेढा. काट्यालाही माळ घातली होती. भटजींनी नव्या टॉवरच्या जाळीवर चिमूटभर कुंकू सोडायला हात उचलला तसा मी मध्ये पेपर धरला. कुंकू पंख्यात गेलं तर देव माझ्यावर कोपला नसता, पण हेड ऑफिस कोपलं असतं.

कर्णिक साहेब सहकुटुंब आले. नवी गाडी घेतली होती, तिची पूजा काट्याजवळच ठेवली. पूजा झाल्यावर साहेब म्हणाले, “मॅडम, दाखवा बघू तुमची सिस्टीम. माझ्याच गाडीचं वजन करा.”

त्यांच्या मिसेस केबिनच्या दारात उभ्या होत्या. मला काय सुचलं कोण जाणे. मी म्हटलं, “वहिनी, तुम्हीच या. तुम्हीच करा.”

“अहो, मला मोबाइलसुद्धा धड येत नाही,” त्या म्हणाल्या.

“काही यावं लागत नाही,” मी म्हणाले. “इतकं सोपं केलंय की कुणीही करेल.”

हे वाक्य मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले. पंधरावीस माणसांसमोर.

बळीराम खुर्चीवरून उठला, खुर्ची फडक्याने पुसली, वहिनींना बसवलं. मग बाहेर जाऊन गाडीत डोकावला. साहेबांच्या सासूबाई मागच्या सीटवर एसीत बसून होत्या. त्यांना त्याने हात धरून उतरवलं, चारही चाकं काट्यावर आहेत ना बघितलं, परत आत आला आणि वहिनींना बोटाने बटण दाखवलं. “हे. एकदाच दाबा.” त्यांनी दाबलं. पावती आली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बळीरामनेही वाजवल्या, सगळ्यांत जोरात.

दिवाळीनंतर कॉन्ट्रॅक्टरची नवी यादी आली. त्यात काटा ऑपरेटर ही ओळच नव्हती.

मी तरातरा दामले मॅडमकडे गेले. “पारधी टेस्टमध्ये पहिला आलाय.”

“हो, मग? सर्टिफिकेट दिलंय की.”

“मग रिन्यू का नाही केलं?”

“माणूस पास आहे हो. पोस्टच राहिली नाही.” त्या अगदी शांतपणे म्हणाल्या. “गेटवरचे गार्ड करतील. एकच तर बटण आहे.”

कर्णिक साहेबांकडे गेले. ते हसले, मायेने हसले. “मॅडम, तुमचं खरंच कौतुक आहे. एक पोस्ट वाचवली तुम्ही. हेड ऑफिसला मी तुमचं नाव कळवलंय.”

“साहेब, तो फक्त बटण दाबत नाही. दर वेळी बाहेर जाऊन बघतो. गाडीत माणूस राहिलाय का, चाक काट्याबाहेर आहे का.”

“गार्डला डोळे आहेत ना?”

“आहेत. पण—”

“आणि आमच्या मिसेसनी केलं की पहिल्या फटक्यात.”

“साहेब, तुमच्या सासूबाईंना गाडीतून त्याने उतरवलं. नाहीतर गाडीच्या वजनात त्याही धरल्या गेल्या असत्या.”

साहेबांचा चेहरा उतरला. सासूबाईंच्या वजनावरून चर्चा करायला मी केबिनमध्ये शिरलेय असा त्यांचा समज झाला असावा. पाच मिनिटांत मी बाहेर होते. मी रागावले होते, आणि खरा राग माझ्यावरच होता.

बळीरामला सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो म्हणाला, “गार्डला शिकवू का जायच्या आधी?” तीन दिवस शिकवलं त्याने. बाहेर जाऊन बघायचं, हे त्यांना दहादा सांगितलं. त्यांनी माना डोलावल्या. तो गेल्यावर खुर्चीतून कुणी उठलं नाही. मग एका ट्रकचा क्लीनर भरल्या गाडीत झोपलेला असताना वजन झालं आणि रिकाम्या गाडीच्या वजनाला तो चहाला गेला होता. म्हणजे आम्ही क्लीनरसुद्धा माल म्हणून घेतला. असं चारपाचदा झाल्यावर स्टोअर्सवाले बोंब मारू लागले. आता तिथे कॅमेरे बसवायचे ठरलंय. कोणते बसवायचे यासाठी कमिटी नेमली आहे. दामले मॅडमना पांढरे हवेत.

महिन्याभराने बळीरामचा फोन आला. बदलापूरच्या पुढे एका खडी क्रशरवर काट्याचं काम लागलं होतं.

“हितं जुनाच प्रोग्राम हाय, मॅडम. तोच काळा, तीन बटणांचा. कुणाला येत नाय. मी बोललो मला येतो, तर लगेच ठेवून घेतला.” आवाजात आनंद होता. मग म्हणाला, “शेट बोलतोय नवीन सिस्टीम टाकायची. मी तुमचं नाव सांगितलंय. तुमी सोपं करून देता बोललो.”

मी रविवारी गेले. धुळीने माखलेली केबिन, जुनाट कॉम्प्युटर, शेजारी बळीराम स्वच्छ शर्ट घालून उभा. शेट तरुण होता, खुर्ची देऊन म्हणाला, “बघा मॅडम, लिनक्सवर घेता येईल का? कुणालाही चालवता येईल असं काहीतरी करा.”

मी टेबलाखाली वाकले, नऊ पिनांची वायर पाहिली, दोन वेळा उगाच काढून पुन्हा लावली. काम फार तर दोन आठवड्यांचं होतं. उठून हात झटकले.

“होणार नाही,” मी म्हणाले. “हा काटा फार अवघड आहे.”

“अवघड म्हणजे?”

“म्हणजे याला सराईत माणूसच लागतो. तुमच्याकडे आहे तो सोडू नका.”

शेटने बळीरामकडे पाहिलं, पहिल्यांदाच नीट पाहिलं, आणि बाहेर ओरडून तिघांसाठी चहा सांगितला. तीस वर्षं मी अवघड काम सोपं करून देण्याचा पगार घेतला. सोप्या कामाला अवघड म्हणण्याचं मला त्या दिवशी काहीच मिळालं नाही, आणि इतकं चोख काम मी आजवर केलेलं नाही.